एव्हर्टच्या हातची धार

मी पत्ती बोलतेय. पोलादाची, तळहाताएवढी, चौकोनी पत्ती. मला मूठ नाही, दांडा नाही, नक्षी तर नाहीच नाही. बघणारा विचारतो, "हा कुठल्या डब्याचा पत्रा?" आणि बाजूला सारतो. डब्याचा पत्रा म्हणे! माझ्या अंगात काय पोलाद आहे ते त्याला काय ठाऊक. पण आता रागवायचं तरी कुणावर? ज्यांना माझी किंमत कळत होती ते सगळे चर्चच्या आवारात जाऊन झोपलेत.

तर मी सुताराची खरवडायची पत्ती. रंधा मारला की लाकूड गुळगुळीत झालं असं तुम्हाला वाटतं. वाटू दे. तेच लाकूड खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात बघा, रंध्यानं काय काय गोंधळ घातलाय तो दिसेल. साधं पाईन असेल तर चालून जातं. पण आमच्या स्मोलांड प्रांतात काही बर्चच्या झाडांचं लाकूड आतून लाटालाटांचं असतं, वारा सुटल्यावर तळं दिसतं तसं. त्याच्या रेषा क्षणात इकडे वळतात, क्षणात तिकडे. रंधा एका लाटेवरून सरळ जातो आणि पुढचीचे लचके तोडतो. तिथं माझ्यावाचून कुणाचं चालत नाही.

मला दोन्ही हातांत धरायचं, मागून अंगठे टेकून किंचित वाकवायचं, पुढे झुकवायचं आणि ढकलायचं. काम सुरू झालं की मी तापते, चांगली चटका बसेल इतकी. सुतार ओळखायचा तो अंगठ्यांवर या चटक्यांनी पडलेल्या घट्ट्यांवरून. हात बरोबर असला तर अशी पातळ साल निघते की तिच्यातून समोरची खिडकी दिसावी. सालीऐवजी भुसकट यायला लागलं की समजावं, बाई बोथट झाली.

जन्मानं मी करवत. हुल्टनेस गावच्या आल्गोट सुतारानं लग्न झालं त्या वर्षी मला घेतलं, आणि त्याच्या बाकावरच्या खिळ्याला मी तीस-पस्तीस वर्षं लटकले. आल्गोट बोलायचा फार कमी. दिवसाकाठी दहा शब्द झाले की त्याला दमल्यासारखं व्हायचं. बायको लवकर गेली. मागे तीन मुलं, थोरला सिग्वार्द, मधली हिल्मा आणि धाकटा एव्हर्ट. दोन्ही मुलगे बापाच्याच हाताखाली तयार झाले. हिल्मानं लग्न केलं नाही. तिनं घर सांभाळलं, आणि पुढे त्याहून जड एक काम तिच्या गळ्यात पडलं. ते सांगतेच.

एकोणीसशे सव्वीसच्या फेब्रुवारीत आल्गोट अंथरुणाला खिळला. लाकडाचा वास हवा म्हणून त्यानं आपली खाट कारखान्यातच, शेगडीजवळ घालून घेतली होती. एव्हर्ट त्या हिवाळ्यात वर उत्तरेला लाकडाच्या गिरणीत कामाला गेलेला. तार केली, पण बर्फात गाडी अडकली. दोन दिवस म्हातारा दाराकडे बघत होता. दोन दिवसांत तो तीनदा बोलला, आणि तिन्ही वेळा एकच, "एव्हर्ट आला का?" पहिल्या दोन वेळा सिग्वार्द म्हणाला, "नाही अजून." तिसऱ्यांदा म्हणाला, "येतोच आहे." मग विचारणारा राहिला नाही. एव्हर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी बुटांचं बर्फसुद्धा न झटकता आत आला.

बापाचे ते शब्द सिग्वार्दनं ऐकले आणि भिंतीवरच्या मी ऐकले. हिल्मा त्या वेळी स्वयंपाकघरात होती. सिग्वार्दनं ते एव्हर्टला सांगितले नाहीत. तेव्हा त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. या घरात कुणी कुणाला काही सांगायचंच नाही, एवढीच काय ती रीत.

त्याच उन्हाळ्यात एका ओल्या ओंडक्यात अडकून मी अशी वाकले की पुन्हा सरळ झाले नाही. जुन्या करवतीचं पोलाद कुणी फेकत नाही. दोघा भावांनी माझे दोन चौकोन कापले. मुठीकडचा सिग्वार्दला, तो मी. टोकाकडचा एव्हर्टला. बापाच्या मागे एवढी एकच वाटणी त्या घरात झाली.

सिग्वार्दनं मला पकडीत उभी धरली आणि माझी कड कानशीनं सरळ केली. मग धारेच्या दगडावर उभी घासली, आडवी घासली, कडेत तोंड दिसेपर्यंत. त्यानंतर घोटायची सळई. ही चांगली कडक पोलादाची, गुळगुळीत सळई. सिग्वार्द ती आधी आपल्या केसांतून फिरवायचा, तेवढंच तिला तेल. ती थोडी कलती धरून माझ्या कडेवरून दाबून दोनदा ओढली की कड एका बाजूला वळते आणि केसाएवढा आकडा तयार होतो. डोळ्याला तो दिसत नाही, अंगठ्याला लागतो. लाकूड तोच काढतो. तो आकडा गेला की मी खरोखरच डब्याचा पत्रा.

आता यातली गोम ऐका. हा आकडा ज्याचा त्याचा असतो. सिग्वार्द सळई बरीच कलवायचा, म्हणून त्याची पत्ती फार पुढे झुकवून चालवावी लागे. एव्हर्टचा हात हलका, त्याची पत्ती जवळजवळ उभीच चाले. एकाची पत्ती दुसऱ्यानं घेतली तर ती लाकडावरून नुसती घसरते. आमच्याकडे म्हणूनच म्हणतात, शेजाऱ्याचा घोडा उसना माग, बैल माग, पत्ती मागू नकोस.

आठ वर्षं बरी गेली. भाऊ एकाच खिडकीपाशी शेजारी शेजारी काम करत, एव्हर्ट शीळ घाली, सिग्वार्द "पुरे रे" म्हणे. मग चौतीस सालचा ऑगस्ट आला. तालुक्याच्या औषधवाल्याच्या बायकोनं, सेदरग्रेनबाईंनी, मुलीच्या लग्नासाठी कपाट सांगितलं होतं. लाटांचं बर्च. दोन्ही दारं एकाच फळीतून चिरलेली, म्हणजे दारं मिटली की एकाच्या लाटा दुसऱ्यात जाऊन मिळतात. असली फळी जन्मात एकदा हाताला लागते. एक दार सिग्वार्द करत होता, एक एव्हर्ट.

त्या संध्याकाळी तळ्याकाठी खेकडे उकडायचा बेत होता. सगळं गाव जाणार. डेअरीतली एक मुलगीही जाणार होती, आणि तिनं एव्हर्टला म्हटलं होतं, येशील ना? गडी घाईला आला. पत्तीनं दार पुरं करायला अजून अर्धा दिवस लागला असता. त्यानं विचार केला, रंध्याचे चार हात मारू, वरून थोडी पत्ती. मी समोर बघत होते. पहिला हात नीट गेला. दुसऱ्याला लाकूड करकरलं आणि दाराच्या ऐन मध्यावर नखाएवढाले खळगे पडले.

नेमक्या त्याच वेळी सेदरग्रेनबाई मुलीला घेऊन कपाट बघायला आल्या. मागून कॉफीचा ट्रे घेऊन हिल्मा. सिग्वार्दनं दार बघितलं, खळग्यांवरून बोट फिरवलं. तो आधी पांढरा पडला, मग लाल.

"काय केलंस हे?"

"घाई झाली," एव्हर्ट म्हणाला. "चुकलंच माझं."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. चुकलं म्हणालेल्या माणसाला आणखी काय म्हणायचं असतं? पण सिग्वार्दला बाईंसमोर लाज वाटली होती, आणि लाज वाटलेला माणूस हाताला लागेल ते फेकून मारतो.

"बाबांना ठाऊक होतं," तो म्हणाला. "जाता जाता म्हणाले होते मला, एव्हर्टच्या हातात सरपणाखेरीज लाकूड देऊ नकोस."

हिल्माच्या हातातले कप किणकिणले. सेदरग्रेनबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. एव्हर्टनं रंधा सावकाश आडवा ठेवला, हात पुसले आणि बाहेर गेला. तो तळ्याकाठी गेला नाही. घरामागच्या लाकडांच्या ढिगावर बसून राहिला. डेअरीतल्या मुलीनं पुढच्या वर्षी दुसऱ्याशी लग्न केलं.

खोटं! साफ खोटं! मी तिथं होते ना, खिळ्याला लटकलेली. बाप धाकट्याच्या वाटेकडे डोळे लावून गेला, आणि त्याच्या तोंडी हे असलं घालायचं? पण पत्तीला कोण विचारतं. आणि सिग्वार्दला ते शब्द तोंडातून निघाल्या निघाल्या नको झाले होते. मी त्याच्या हातात होते, त्याचे अंगठे गार पडलेले मला कळले. मागे घ्यायचे तर दोन वाक्यं पुरली असती. ती दोन वाक्यं त्याच्याच्यानं चोवीस वर्षं निघाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी एव्हर्टनं आपलं बाक ओढून समोरच्या खिडकीला लावलं. म्हणजे आता दोघांच्या पाठीला पाठ. आणि त्या दिवसापासून त्यानं कुठल्याही वस्तूच्या दर्शनी भागाला हात लावला नाही. खणांचे तळ, कपाटांच्या पाठी, आतल्या पट्ट्या, जे कुणाच्या दृष्टीस पडायचं नाही तेवढंच तो करायचा. ते मात्र असं करायचा की बघत राहावं. खणाचा तळ कोण बघतं? पण तो त्यालाही आपली पत्ती फिरवायचा. चौतीस वर्षांचा माणूस, अशा हातांचा, आणि जन्मभर तळच करत राहिला.

बोलणं बंद म्हणजे अगदी बंद. तुम्ही विचाराल, मग वेगळे का झाले नाहीत? अहो, वाटणी करायची तरी बोलावं लागतं. तेच तर बंद होतं. म्हणून राहिले एकाच छपराखाली, आणि निरोप्याचं काम हिल्माच्या गळ्यात पडलं.

गुरुवारी वाटाण्याचं सूप असायचं. तिघं जेवायला बसायची आणि सुरू व्हायचं.

"हिल्मा, त्याला सांग, उद्या खणांच्या बाजू लागतील."

"हिल्मा, त्याला सांग, कालच करून ठेवल्यात. डोळे असतील तर दिसतील."

"त्याला म्हणावं, डोळे माझे ठीक आहेत."

"त्याला म्हणजे कुणाला? समोर बसलाय ना तो?" हिल्मा पळी आपटून म्हणायची. "मी काय टपाल खातं आहे तुमचं? तिकीट लावा मग निरोपाला. आणि मोहरी कुणाला हवी ते आपल्या तोंडानं सांगा, नाहीतर तशीच गिळा."

मग दोघंही मोहरीवाचून गिळायचे.

दर वर्षी नोव्हेंबरात तिघं बापाच्या थडग्यावर दिवा लावायला जात. तिथं सिग्वार्द एव्हर्टकडे वळायचा, तोंड उघडायचा. आणि मग तो हिल्माकडे बघून म्हणायचा, "थंडी फार आहे यंदा." हे मी हिल्माच्या तोंडून ऐकलेलं. ती कारखाना झाडताना एकटीच बडबडायची. तिचंही बोलणं ऐकणारं दुसरं कोण होतं? मीच आपली.

त्रेपन्न साली सिग्वार्दचा उजवा हात थरथर कापायला लागला. आधी कॉफीचा कप वाजायचा. मग सळई. आकडा वळवायचा तर हात एका दमात, एकसारखा जावा लागतो. तो कापला की आकडा कुठे वळतो, कुठे नाही. माझ्याकडून साली निघेनात. अर्ध्या कडेनं साल, अर्ध्या कडेनं भुसकट. गडी हाताला शिव्या द्यायचा, मला पुन्हा पकडीत धरायचा, पुन्हा कानस, पुन्हा दगड, पुन्हा तेच. त्या वेळेपर्यंत इतर कारखान्यांत पॉलिश पेपरची यंत्रं आली होती. पॉलिश पेपरला तो उंदराचं कुरतडणं म्हणायचा. त्यानं लाकडाच्या लाटा मळतात, त्यांची चमक जाते, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. आता त्याच्यापुढं दोनच वाटा होत्या. पॉलिश पेपर घ्यायचा किंवा काम सोडायचं. हात कापतोय हे कुणाला सांगायची तिसरी वाट त्याला सुचली नाही.

पण पाठीला पाठ लावून बसलेल्या माणसाला कान असतात. नीट चालणाऱ्या पत्तीचा आवाज एक, घसरणाऱ्या पत्तीचा दुसरा. एव्हर्टचा हात मध्येच थांबायचा. तो वळून बघायचा नाही. ऐकायचा फक्त.

एका रविवारी सिग्वार्द आणि हिल्मा चर्चला गेले. एव्हर्ट जायचा नाही, भावाच्या शेजारी एका बाकावर बसावं लागेल म्हणून. घर रिकामं झालं तसा तो कारखान्यात आला आणि सरळ सिग्वार्दच्या खणातून त्यानं मला काढलं. मी दचकलेच. एकोणीस वर्षांत त्याचं बोट मला लागलं नव्हतं.

त्यानं माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. मग कानस घेतली. दगड घेतला. सळई हातात घेतली आणि नाकाच्या कडेला घासली, कारण त्याच्या डोक्यावर तेलासाठी केस उरलेच नव्हते. पहिल्यांदा त्यानं सवयीनं आपल्या हाताचा आकडा वळवला. मला पुढे झुकवून, सिग्वार्द धरतो तशी धरून, बर्चच्या तुकड्यावर चालवलं. मी घसरले. त्यानं मान हलवली आणि सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. सळई जास्त कलवली. पुन्हा घसरले. तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटले. बहुधा भावाच्या पत्तीचा चांगल्या दिवसांतला आवाज आठवत असावा. सळई ओढली, मला चालवलं, आणि हातभर लांब साल वळत वळत खाली पडली. हुबेहूब सिग्वार्दचा आकडा. त्यानं साल खिशात टाकली आणि मला होती तशी खणात ठेवली.

दुपारी जेवताना हिल्मा म्हणाली, "एव्हर्ट, नाकाला काळं कसलं लागलंय रे तुझ्या?"

एव्हर्टनं बाहीनं नाक पुसलं. सिग्वार्दनं वर बघितलं, मग ताटात बघितलं. "बटाटे दे," तो म्हणाला, हिल्माला.

सोमवारी त्यानं मला हातात घेतलं. कडेवर अंगठा टेकवला, आणि पुन्हा एकदा टेकवून पाहिला. कापऱ्या हातानं पत्ती ढकलता येते, नुसती धार लावता येत नाही. दिवसभर साली निघाल्या, लांब, पातळ, अखंड. पाठीमागे एव्हर्ट खणाचा तळ करत होता. मध्येच त्यानं शिळेचा एक सूर काढला आणि गिळला.

पुढच्या शनिवारी सिग्वार्दनं मला खणात ठेवलं नाही. बाकावर ठेवलं, एव्हर्टच्या बाजूच्या टोकाला. रविवारी एव्हर्टनं धार लावली. असं साडेचार वर्षं चाललं. शनिवारी एकानं ठेवायचं, रविवारी दुसऱ्यानं उचलायचं. आमच्याकडे यालाच बोलणं म्हणतात. मला तेवढ्यात सुख होतं, खोटं कशाला सांगू. पण ते खोटं वाक्य अजून तसंच होतं. एव्हर्ट अजून तळच करत होता आणि बापानं आपल्याला सरपणाच्या लायकीचा ठरवलं असं मनात घेऊनच रविवारी भावाची पत्ती घासत होता.

अठ्ठावन्नच्या फेब्रुवारीत त्याच्या छातीत कफ झाला आणि तो माडीवरच्या खोलीत पडला. डॉक्टर आले, बराच वेळ छाती ऐकली आणि हिल्माला जिन्यात नेऊन काही सांगितलं. ती तशीच कारखान्यात आली. सिग्वार्द मला घेऊन उगाचच एका फळीशी खेळत होता.

"वर जा," ती म्हणाली.

"झोपला असेल."

"जागा आहे. तुमच्यात आणखी काय आहे ते मला ठाऊक नाही. नुसतं त्या कपाटाच्या दारावरून नव्हे, एवढं कळतं मला. चोवीस वर्षं तुमचे निरोप वाहिले, सिग्वार्द. हा मी नेणार नाही. तुझा तू ने."

सिग्वार्द उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. रिकाम्या हातानं जायचं त्याच्या जिवावर आलं असावं. त्यानं दगड उचलला, सळई उचलली, मला उचललं, आणि जिना चढला.

एव्हर्ट उशीला टेकून बसला होता. श्वास घेताना त्याच्या छातीत घरघर होत होती. सिग्वार्द दारातच उभा.

"ही बोथट झालीय," तो म्हणाला. चोवीस वर्षांनी भावाशी बोललेलं पहिलं वाक्य हे. "माझ्याच्यानं होत नाही. हात कापतो."

"ठाऊक आहे," एव्हर्ट म्हणाला. "आण इकडे."

त्यानं पांघरुणावर दगड घेतला आणि मला घासू लागला. चार हात घासायचा आणि दम खायचा. सिग्वार्द खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

"बाबा तसं म्हणाले नव्हते," तो म्हणाला.

"कसं?"

"सरपणाचं."

एव्हर्ट घासत राहिला. "ते तर मला तेव्हाच कळलं होतं. बाबांनी जन्मात कधी एवढं लांब वाक्य बोललेलं ऐकलंयस?"

सिग्वार्दनं विचारलं, "मग तू बोलत का नव्हतास?"

"खोटं तू बोललास. मागे तूच घ्यायला हवं होतंस. वाट बघत होतो." त्याला खोकला आला. तो थांबल्यावर हळूच म्हणाला, "पहिली पाच-सहा वर्षं पक्कं ठाऊक होतं. मग पुढे पुढे वाटायला लागलं, म्हणालेही असतील. माणूस एकटा विचार करत बसला की काहीही खरं वाटतं."

"ते तुझी वाट बघत होते," सिग्वार्द म्हणाला. "दोन दिवस दुसरं काही बोललेच नाहीत. एव्हर्ट आला का, एवढंच. तीनदा विचारलं."

दगड थांबला. एव्हर्टनं खिडकीकडे तोंड फिरवलं. मी त्याच्या मुठीत होते. त्यानं मला इतकं घट्ट धरलं की मी त्याच्या बोटात रुतले, आणि त्याचं त्याला भान नव्हतं.

"हे नव्हतं मला ठाऊक," तो म्हणाला. "हे सांगायचंस रे. तीन शब्द होते."

"हो."

"बत्तीस वर्षं झाली त्याला."

"हो."

सिग्वार्द रडत होता. या घरात रडायचीही रीत नव्हती, त्यामुळे त्याला ते नीट येतही नव्हतं. एव्हर्टनं त्याला रडू दिलं. मग सळई नाकाच्या कडेला घासली, मला खाटेच्या उशाकडच्या लाकडी दांडीवर टेकवलं आणि एका दमात आकडा वळवला, सिग्वार्दच्या हाताचा. ताकद कुठून आणली देव जाणे. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्यावर अशी धार कुणी लावली नाही.

"घे," तो म्हणाला. "सोमवारी वापर."

रविवारी सकाळी, चर्चची घंटा व्हायच्या आधी एव्हर्ट गेला. या खेपेला भाऊ उशाशी होता.

शवपेटी सिग्वार्दनंच केली. फळ्या पाईनच्या, पण झाकणाला त्यानं माळ्यावरचं लाटांचं बर्च काढलं. रंधा मारून झाला. आता माझी पाळी. मी वाटच बघत होते. एव्हर्टचं झाकण एव्हर्टच्या धारेनं, याहून आणखी काय हवं? सिग्वार्दनं मला हातात घेतलं, कडेवर अंगठा अलगद टेकवला आणि खाली ठेवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा ठेवलं. मग तो सायकलवर बसून दुकानात गेला आणि पॉलिश पेपरची गुंडाळी घेऊन आला.

हिल्मा दारात उभी राहून बघत होती. "पत्ती कुठाय तुझी?"

"आहे."

"मग?"

"वापरली की जाईल ती धार," तो म्हणाला. "पुन्हा लावणार कोण?"

दोन दिवस तो कापऱ्या हातानं उंदरासारखा कुरतडत बसला. झाकणाच्या लाटा मळकट दिसत होत्या. मूठमाती द्यायला आलेल्यांत एक म्हातारा सुतार होता, तो शेजाऱ्याला म्हणाला, "सिग्वार्दचे हात गेले म्हणायचे." सिग्वार्दनं ते ऐकलं आणि ऐकून घेतलं.

नंतर त्यानं मला तेल लावलं, मेणकागदात गुंडाळलं आणि खणात ठेवलं. दर वर्षी एकदा कागद सोडायचा, कडेवर अंगठा टेकवायचा, तेल लावायचा, पुन्हा गुंडाळायचा. मी अंगठ्याची वाट बघायचे. सहा वर्षांनी अंगठा आला नाही. पुढे काही वर्षं हिल्मा यायची. तिला पत्तीतलं काही कळत नव्हतं. ती नुसतीच कागदावर हात ठेवायची आणि मोहरीबद्दल काहीतरी पुटपुटायची. मग तीही यायची थांबली.

एव्हर्टची पत्ती, माझ्याच पोलादाची बहीण, तिचं काय झालं मला ठाऊक नाही. मी पेटीत, पेटी माळ्यावर, माळा परक्यांच्या घरात. किती वर्षं गेली मोजली नाहीत. अंधारात धारदार राहणं म्हणजे काय ते कुणाला सांगून कळायचं नाही. बोथट झाले असते तर निदान झोप लागली असती. पण माझी कड जागी आहे.

आणि परवा तू आलीस. गावातल्या सामानाच्या लिलावात पेटी तुझ्या वाट्याला आली. तुझे अंगठे मी पाहिलेत, तू आमच्यातलीच आहेस. तू कागद सोडलास, अंगठा टेकवलास आणि थबकलीस. नवऱ्याला म्हणालीस, "अरे, ही अजून ताजी आहे. काय हात असेल लावणाऱ्याचा! राहू दे ही अशीच. काचेखाली ठेवू." आणि मला पुन्हा गुंडाळलंस.

नको गं बाई. एवढं करू नकोस. सिग्वार्दनं जे केलं ते प्रेमानं केलं, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण त्या गड्यानं शेवटची धार लावली ती जपायला लावली नव्हती. भावाला काम करता यावं म्हणून लावली होती. माझ्यावर त्याचा हात अजून आहे, आणि त्या हातानं अजून एकही साल काढलेली नाही.

लाटांच्या बर्चचा एक तुकडा आण. कपाटाचं दार असलं तर फारच बरं, दर्शनी. मला दोन्ही हातांत धर, पुढे झुकव, तुझ्या सवयीहून जरा जास्तच झुकव, आणि ढकल. पहिली साल निघेल तेव्हा तुला वाईट वाटेल, हात आखडेल. आखडू देऊ नकोस. मी तापले तरी सोडू नकोस. भुसकट यायला लागेपर्यंत थांबू नकोस.